टूरिस्ट व्हिसावर उमरा होतो, हज नाही
सौदीने 2019 मध्ये टूरिस्ट व्हिसा सुरू केला. त्यावर हजचे दिवस सोडून उमरा करता येतो. हजसाठी मात्र हजचाच व्हिसा आणि परमिट लागतं. ‘व्हिजिट व्हिसावर नेतो, तिथे सगळं मॅनेज होतं’ म्हणणारे एजंट आमच्याकडेही येऊन गेलेत. 2024 च्या हजमध्ये कडक उन्हाळ्यात 1,300 हून अधिक माणसं दगावली. त्यातली 83 टक्के विनापरमिट होती, हे सौदी सरकारनेच सांगितलं. परमिट नाही म्हणजे मीनात तंबू नाही, बस नाही. म्हाताऱ्या माणसांची उन्हात मैलोन्‌मैल पायपीट. 2025 मध्ये तर 20 हजार रियालपर्यंत दंड जाहीर झाला. अम्मी-अब्बांसाठी पैसे भरण्याआधी व्हिसा कुठला मिळणार, हे एजंटकडून लेखी घ्या.