पहिली नोकरी आणि बायोडेटातील खोटे माप

मालेगाव, भिवंडीच्या यंत्रमागवाल्यांची मुले आता बीसीए, बीई करून प्रोग्रॅमिंगकडे वळत आहेत. पहिल्या नोकरीची अडचण अशी की, जाहिरातीत अनुभव मागतात आणि अनुभव नोकरीशिवाय मिळत नाही. मग कोणी सल्ला देतो, दोन वर्षांचा अनुभव लिहून टाक. पैसे घेऊन अनुभवपत्र देणारेही भेटतात. मुलाने घरी विचारले तर आम्ही वडीलमंडळींनी काय सांगावे?

कापडाच्या धंद्यात आम्ही ताका नीट घडी करून उजेडात मांडतो. त्यात दगा नाही. पण ६० काउंटचे सूत ८० चे म्हणून विकले तर तो दगा. बायोडेटाचेही तसेच आहे. कॉलेजातला चांगला प्रोजेक्ट सर्वांत वर लिहिणे ही मांडणी. न केलेली नोकरी लिहिणे हे खोटे माप. हजरत मुहम्मद पैगंबर (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा आत ओल लागली, भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्यास विचारले. मालातला ऐब झाकू नये, हा धडा नोकरी मागणाऱ्यालाही लागू आहे.

व्यवहाराची बाजूही पाहावी. भविष्यनिर्वाह निधीचा यूएएन क्रमांक २०१४ पासून आहे. कोणत्या मालकाने कधी रक्कम भरली, हे त्या खात्यात दिसते. नोव्हेंबर २०२२ मध्ये अ‍ॅक्सेंचर कंपनीने बनावट कागदपत्रे व अनुभवपत्रे देणाऱ्या भारतातील कर्मचाऱ्यांना काढल्याचे जाहीर केले. शिवाय बनावट कागद खरा म्हणून वापरणे हा फौजदारी गुन्हा आहे.

मग करावे काय? दुकानाचा साठा, उधारीची वही, कारागिरांची मजुरी यांचा हिशेब ठेवणारा छोटा प्रोग्रॅम मुलाने लिहावा. महिना-दोन महिने दुकानात वापरून चुका दुरुस्त कराव्यात आणि तो गिटहबवर ठेवावा. बायोडेटात सरळ लिहावे, 'वडिलांच्या दुकानासाठी तयार केला.' जी भाषा अर्धवट येते तिच्यापुढे 'शिकत आहे' लिहावे. प्रत्येक ओळीवर मुलाखतीत प्रश्न आला तर उत्तर देता यावे, हीच कसोटी.

खोट्या पत्रावर मिळालेली जागा दुसऱ्या प्रामाणिक मुलाच्या हक्काची असते. एक पकडला गेला की त्याच्या मागून येणाऱ्या गावच्या मुलांकडेही संशयाने पाहिले जाते. नोकरी चार महिने उशिरा मिळाली तरी चालेल, पण घरात येणारी रोजी हलाल असावी. बरकत त्यातच आहे.