व्होल्टेजची मर्यादा : मोटार नेमकी कशानं जळते?

"व्होल्टेज कमी असलं तर पाणी थोडं कमी येईल, मोटारीला काय होतंय?" किल्लारीच्या शिवारात उसाला पाणी द्यायच्या दिवसांत हा समज घट्ट असतो. वस्तुस्थिती उलट आहे. मोटारीची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. 415 ऐवजी 350 व्होल्ट मिळाले तर ती 71 टक्क्यांवर येते. पंपाचं ओझं मात्र फारसं हलकं होत नाही. ते ओढायला मोटार जास्त अँपिअर घेते आणि वाइंडिंग तापून जळतं.

रात्री लोड उतरल्यावर 460 व्होल्ट मिळाले, तर तेही चांगलं नाही. गाभ्याची चुंबकक्षमता संपते, करंट फुकट वाढतो.

आपल्याकडे शेतीपंपाच्या मोटारी साधारण 15 टक्के खाली आणि 6 टक्के वर धरून बनवतात, म्हणजे 353 ते 440 व्होल्ट. पाटीवर वेगळा आकडा असेल तर तोच धरा.

सर्वांत घातक समज म्हणजे व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं की मोटार बंद करणारा रिले सारखा ट्रिप होतो म्हणून मर्यादा 300 वर आणायची, नाहीतर स्टार्टर डायरेक्ट करायचा. रिले ट्रिप होतो तेव्हा तो मोटार वाचवत असतो. व्होल्टेज मोटार चालू असताना आणि तिन्ही फेजवर मोजा. बंद मोटारीवरचा आकडा फसवतो. फेजांमध्ये साडेतीन टक्के फरक पडला तरी वाइंडिंगचं तापणं सुमारे पाव पटीनं वाढतं. सुरू होताना व्होल्टेज क्षणभर पडतंच, म्हणून ट्रिपला काही सेकंदांचा उशीर द्या. मोटार थांबली की व्होल्टेज लगेच चढतं, तेव्हा पुन्हा चालू व्हायची पातळी ट्रिपच्या पातळीपेक्षा 15-20 व्होल्टनं वर ठेवा. नाहीतर ती चालू-बंद होत राहील.

मोटारीचा वेग बदलणारा ड्राइव्ह (व्हीएफडी) बसवला की काळजी मिटली, हेही खरं नाही. आत 350 आले तर साधा ड्राइव्ह बाहेर 415 देऊ शकत नाही. तो वेग 42 हर्ट्झच्या आसपास उतरवू शकतो. तेव्हा पाणी खरोखर कमी येतं आणि मोटार शाबूत राहते. पण खोल बोअरमध्ये त्या वेगाला पाणी वर येतंय ना, हे पाहायलाच हवं.

लाईट येताच ऑटो स्विचमुळे डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकदम उठतात, प्रत्येक पाच-सहा पट करंट ओढते आणि व्होल्टेज कोसळतं. ऑटो स्विच काढा, कपॅसिटर बसवा. महावितरणचंही हेच आवाहन आहे, पण डीपीवरच्या सगळ्यांनी मिळून केलं तरच त्याचा उपयोग होईल.