खरबुजाला आढी चालत नाही

कच्चा हापूस आढीत घातला की काही दिवसांत गोड होतो. खरबुजाचे तसे नाही. अर्धवट तयार झालेले खरबूज काढून ठेवले तर ते मऊ पडते, त्याला वासही सुटतो, पण गोडी काढणीच्या दिवशी होती तेवढीच राहते. आंबा आणि केळे स्टार्चचा साठा घेऊनच झाडावरून उतरतात आणि नंतर त्याची साखर करतात. खरबुजाच्या गरात स्टार्च जवळजवळ नसतोच. पानांत तयार झालेली साखर देठातून फळात येते. देठ तुटला की पुरवठा बंद.

बाजारासाठी पिकवणाऱ्याला वाहतुकीचे धक्के लक्षात घेऊन फळ थोडे आधी उतरवावे लागते. परसात वेल लावणाऱ्याला ही घाई नसते. घरच्या खरबुजाचा खरा फायदा तोच, एरवी खर्चाच्या हिशेबात बाजारच जिंकेल!

थंडी ओसरताच बी पेरावे, शक्यतो जागेवरच, कारण उपटून लावलेले या वेलाच्या मुळांना सोसत नाही. माती भुसभुशीत आणि पाण्याचा निचरा होणारी हवी. विदर्भात नदीच्या वाळूत डांगरवाड्या, म्हणजे खरबुजाच्या वाड्या, लागतात त्या उगाच नव्हे.

पुढे पिवळी फुले भराभर येतात आणि गळून पडतात. वेल वांझ निघाला, असे अनेकांना वाटते. पण ही सुरुवातीची फुले नर असतात. फळ धरणारी, पाकळ्यांखाली इवलीशी गाठ असलेली फुले उशिरा आणि बहुधा बाजूच्या फांद्यांवर येतात. म्हणूनच जाणकार मुख्य वेलाचा शेंडा खुडतात. परागकण चिकट असल्याने वाऱ्याने उडत नाहीत, मधमाशीच लागते. उंच इमारतीच्या गच्चीवर ती फिरकत नसेल, तर सकाळी लवकर नर फुलाच्या पाकळ्या काढून त्याचे परागकण फळ धरणाऱ्या फुलाला हाताने लावावेत. ते अपुरे पडले तर फळ वेडेवाकडे होते. वाढत्या बियांमधून येणारी संप्रेरके गर फुगवतात. ज्या बाजूला बी धरत नाही, ती बाजू खोलगट राहते.

साखर पानांची असल्याने कुंडीतल्या वेलावर दोनच फळे ठेवलेली बरी. पानांवर भुरी पसरली तर फळ दिसायला चांगले, पण चवीला फिके निघते. फळमाशी कोवळ्या फळात अंडी घालते, त्यामुळे फळ धरताच त्यावर कागदी किंवा कापडी पिशवी चढवावी. क्यू ल्यूर या गंधाच्या आमिषाचा सापळा नर माश्याच पकडतो. एकट्या वेलाला तेवढ्याने संरक्षण मिळत नाही.

फळ तयार होत आले की पाणी कमी करावे, नाहीतर ते तडकते. जाळीदार सालीच्या खरबुजात देठाभोवती बारीक चीर पडते आणि हलक्या हाताने फळ सुटून येते. कलिंगड असे सुटत नाही. तिथे टिचकीच्या आवाजापेक्षा देठाजवळचा वाळलेला ताणा आणि जमिनीला टेकलेल्या बाजूचा पिवळा डाग अधिक भरवशाचा.