तंजावरची कुरवंजी

तंजावर म्हटले की सरस्वती महाल आणि बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर कोरलेला भोसले कुळाचा मराठी इतिहास आठवतो. मराठी नाटकाचे एक जुने घरही तेथेच आहे. विष्णुदास भाव्यांचे 'सीतास्वयंवर' १८४३ साली सांगलीस झाले. पण त्याआधी सुमारे दीडशे वर्षे शहाजीराजांच्या दरबारात 'लक्ष्मीनारायणकल्याण' हे मराठी नाटक रचले गेले होते. याच दरबाराच्या आश्रयाने 'कुरवंजी' नावाचा नाट्यप्रकार बहरला.

कुरवंजी म्हणजे कुरव जमातीची, डोंगरातून येऊन हात पाहणारी स्त्री. या नाटकांचा साचा बहुधा ठरलेला असतो. कुणी थोर घरची नायिका राजाच्या किंवा देवाच्या प्रेमात पडून झुरत असते. तेवढ्यात कुरवंजी येते, आपल्या डोंगराचे वैभव गाते, नायिकेचा हात पाहून मनोरथ पूर्ण होईल असे सांगते आणि बक्षीस म्हणून दागिने मिळविते. नाटकाचे नाव नायिकेवरून पडत नाही. ते हात पाहणारीवरून पडते. नायिका घरात बसून वाट पाहते, तर कुरवंजी देशोदेशी हिंडून स्वतःच्या विद्येवर मिळविते. सरफोजीराजांच्या (राज्यकाल १७९८ ते १८३२) 'देवेंद्र कुरवंजी' या मराठी नाटकात तर तिच्या तोंडी जगाचा भूगोल घातला आहे. मुलींच्या शाळा अद्याप दूर होत्या, त्या काळी रंगभूमीवरील एक स्त्री खंडे, देश आणि नगरे गाऊन सांगत होती.

परंतु खरे नाट्य पुढेच आहे. कुरवंजीचा नवरा पारधी. बायको कोठे गेली म्हणून तो तिला शोधीत येतो. ती सापडल्यावर तो तिची खुशाली विचारून थांबत नाही. पायातले हे काय, कमरेला ते काय, गळ्यात हे कोणी घातले, असे एकेका दागिन्याविषयी विचारतो. ती प्रत्येकाचे उत्तर देते आणि अखेर दोघांचा समेट होतो. प्रेक्षक या सवालजबाबाला हसत. पण स्त्रीच्या मिळकतीचा पहिला हिशेब नवऱ्याच्या संशयाला द्यावा लागतो, हे त्या हशातून सुटत नाही.

रंगमंचावर असा समेट घडविणाऱ्या स्त्रियांना मात्र प्रत्यक्षात संसार नव्हता. सरफोजीराजांवरील 'शरभेंद्र भूपाल कुरवंजी' हे तमिळ नाटक बृहदीश्वराच्या उत्सवात देवदासी करीत. त्यांना विद्या होती, मालमत्तेचा हक्क होता; विवाह नव्हता. कीर्ती घ्यावयाची तर घर सोडावयाचे, असा हा व्यवहार जन्मतःच त्यांच्यासाठी ठरलेला असे. १९४७ च्या मद्रास कायद्याने मुलींना देवास वाहण्याची चाल बंद झाली. अन्याय थांबला, पण त्याबरोबर पिढ्यान्‌पिढ्यांची कला जपणाऱ्या स्त्रियांचा चरितार्थही गेला.

याच परंपरेतील बंगळूर नागरत्नम्मा (१८७८ ते १९५२) यांची कथा कुरवंजीच्या दागिन्यांना वेगळे उत्तर देते. प्रतापसिंहांच्या दरबारातील कवयित्री मुद्दुपळनी यांचे 'राधिकासांत्वनमु' हे तेलुगू काव्य त्यांनी १९१० साली पुन्हा प्रसिद्ध केले. सरकारने त्यावर अश्लीलतेचा आरोप ठेवून बंदी घातली. ती १९४७ साली उठली. तंजावरजवळ तिरुवैयारू येथे त्यागराजांची समाधी दुर्लक्षित होती. गायनाने मिळविलेले धन आणि दागिने खर्ची घालून नागरत्नम्मांनी तेथे मंदिर उभारले. तेथील आराधनेत स्त्रियांना गाण्याची मुभा नव्हती, म्हणून १९२७ पासून त्यांनी स्त्रियांची स्वतंत्र आराधना भरविली. पुढे उत्सव एक झाला आणि स्त्रियांचा स्वर त्यात मिसळला. आज त्यागराजांच्या समाधीसमोरच नागरत्नम्मांचे स्मारक आहे.

मराठी रंगभूमीवर हाच प्रश्न मो. ग. रांगणेकरांच्या 'कुलवधू'ने १९४२ साली मांडला. ज्योत्स्ना भोळे यांनी रंगविलेली भानुमती यशस्वी नटी आहे आणि तिच्या यशाने पती अस्वस्थ होतो. तंजावरचा पारधी आणि मुंबईचा सुशिक्षित पती यांच्यामध्ये शतकाहून अधिक काळ लोटला. दोघांची बेचैनी मात्र एकाच जातीची आहे. पुरुष मिळवून घरी आला तर त्याचे स्वागत होते आणि स्त्री मिळवून आली तर तिची उलटतपासणी होते. जोवर हा भेद आहे, तोवर तिच्या यशाला त्यागाची किंमत पडत राहील. ती किंमत स्त्रीच्या महत्त्वाकांक्षेने मागितलेली नाही; ती घराच्या जुन्या घडीने मागितली आहे, आणि घडी बदलता येते.