अंदाज पारखायचा कसा? सिंगापूरचा पाऊस आणि विश्वासार्हतेची कसोटी

लेखमाला : हवामानाचे शास्त्र आणि व्यवहार (लेखांक 7)

संगणकीय प्रारूपे वातावरणाचे गणित कसे मांडतात, याचा विचार मागील लेखांकात झाला. या लेखांकाचा प्रश्न त्यापुढचा आहे. सरकारी हवामान खात्याचा अंदाज, मोबाइलवरील खासगी ॲपचा अंदाज, कृत्रिम बुद्धिमत्तेची नवी प्रारूपे आणि पंचांगातील पर्जन्यविचार यांपैकी कशावर किती विसंबावे, आणि ते ठरवण्याचे माप कोणते? उदाहरण म्हणून सिंगापूर मुद्दाम निवडले आहे, कारण तेथे निरीक्षणाची साधने भरपूर आहेत, भूभाग अगदी लहान आहे आणि तरीही पावसाचे भाकीत अतिशय अवघड आहे. साधनांच्या अभावी चुकणारा अंदाज आणि निसर्गाच्याच मर्यादेमुळे चुकणारा अंदाज यांतील फरक त्यामुळे तेथे स्वच्छ दिसतो.

एकाच बेटावरचे तीन पाऊस

सिंगापूर विषुववृत्ताच्या उत्तरेस जेमतेम सव्वा अंशावर आहे. पृथ्वीच्या परिवलनामुळे वाहत्या वाऱ्याला वळवणारे कोरिऑलिस बल विषुववृत्तावर शून्य असते आणि त्याच्या आसपास अत्यंत क्षीण राहते. त्यामुळे युरोपात पश्चिमेकडून पूर्वेकडे शिस्तीने सरकणाऱ्या आणि म्हणूनच काही दिवस आधी हेरता येणाऱ्या आवर्तांसारख्या प्रणाली येथे सहसा आढळत नाहीत. 1991 ते 2020 या काळाच्या सरासरीनुसार चांगी येथील केंद्रावर वर्षाला सुमारे 2,113 मिलिमीटर पाऊस पडतो आणि वर्षातील सुमारे 171 दिवस पावसाचे असतात. हा सगळा पाऊस मात्र एका जातीचा नाही, आणि अंदाजाच्या विश्वासार्हतेचे निम्मे कोडे त्यातच दडलेले आहे.

पहिला प्रकार ईशान्य मोसमी वाऱ्यांच्या लाटेचा. डिसेंबर-जानेवारीत सैबेरिया आणि मंगोलियावरील थंड, जड हवा दक्षिणेकडे उसळते, दक्षिण चीन समुद्रावरून येताना बाष्प घेते आणि विषुववृत्ताजवळ एक-दोन दिवस, कधी त्याहून अधिक काळ संततधार धरते. या लाटेचा विस्तार हजारो किलोमीटरचा असतो आणि तिच्या प्रवासाला काही दिवस लागतात. साहजिकच उपग्रह आणि जागतिक प्रारूपे तिला दुरूनच ओळखतात. जानेवारी 2025 मधील अशा लाटेने दोनच दिवसांत चांगी येथे त्या संपूर्ण महिन्याच्या सरासरीहून अधिक पाऊस पाडला, आणि त्या लाटेची सूचना सिंगापूरच्या हवामान खात्याने ती पोहोचण्यापूर्वीच दिली होती.

दुसरा प्रकार 'सुमात्रा स्क्वॉल' या नावाने ओळखला जातो. गडगडाटी ढगांची एक सलग रांग सुमात्रा बेटावर किंवा मलाक्काच्या सामुद्रधुनीवर तयार होते आणि पूर्वेकडे सरकत सहसा पहाटे ते दुपारपूर्वी सिंगापूरवर येऊन धडकते. वाऱ्याचे झोत ताशी 40 ते 80 किलोमीटरपर्यंत जातात आणि पाऊस तास-दोन तास टिकतो. रांग एकदा बांधली गेली की रडारवर ती स्पष्ट दिसते आणि तिची गती व दिशा मोजून काही तास आधी इशारा देता येतो. परंतु ती बांधली जाईल की नाही, हे आदल्या दिवशी सांगणे कठीण असते. 17 सप्टेंबर 2024 रोजी असा स्क्वॉल नेहमीची वेळ सोडून संध्याकाळी आला आणि बेटावर ठिकठिकाणी झाडे उन्मळून पडली.

तिसरा प्रकार मराठी वाचकांना शालेय भूगोलातून परिचित असलेला आरोह पाऊस. सकाळच्या उन्हाने जमीन तापते, दमट हवा वर चढते, समुद्रावरून येणारे वारे परस्परांना भिडतात आणि दुपारी एखाद्या भागावर अर्धा-पाऊण तास मुसळधार पाऊस कोसळतो. जुरोंग चिंब होते आणि टॅम्पिनीसमध्ये ऊन असते. चुलीवर ठेवलेल्या आधणात बुडबुडे येणार हे निश्चित असते, पण पहिला बुडबुडा पातेल्याच्या कोणत्या जागी उठेल हे सांगता येत नाही. या पावसाचे तसेच आहे. असा ढग जन्मल्यापासून तासाभरात विरूनही जातो, म्हणून रडारवर दिसलेला ढग पुढे सरकवून भाकीत करण्याची पद्धत येथे लवकर थकते.

अंदाजाला असलेली मुदत

अंदाज देणे आणि प्रत्यक्ष घटना यांमधील काळाला पूर्वसूचनेचा अवधी म्हणतात, आणि वरील तीन पावसांचे अवधी अनुक्रमे काही दिवस, काही तास आणि तासाभराच्या आतबाहेर असे आहेत. सिंगापूरच्या हवामान खात्याची रचना या वस्तुस्थितीला अनुसरूनच आहे. येत्या चोवीस तासांचा अंदाज बेटाच्या पाच विभागांसाठी दिला जातो, चार दिवसांचे चित्र संपूर्ण बेटासाठी ढोबळपणे मांडले जाते, पंधरवड्याचा केवळ कल सांगितला जातो, आणि पुढील दोन तासांचा अंदाज मात्र सुमारे 47 लहान भागांसाठी स्वतंत्रपणे दिला जातो. अवधी जितका लांब, तितके विधान व्यापक, हा त्यामागचा नियम आहे. या कामासाठी ब्रिटनच्या हवामान खात्याच्या सहकार्याने 'सिंगव्ही' हे प्रारूप विकसित करण्यात आले असून ते वातावरणाचे दीड किलोमीटर बाजूच्या चौकटींत विभाजन करते. एवढ्या बारीक चौकटींमुळे ढगांची वाढ थेट गणितात उतरवता येते, तथापि सुरुवातीच्या निरीक्षणांतील सूक्ष्म त्रुटी काही तासांतच वाढत जाऊन चित्र बदलतात, हा एडवर्ड लॉरेन्झ यांनी 1963 मध्ये दाखवून दिलेला अडसर चौकटी बारीक केल्याने नाहीसा होत नाही.

टक्केवारीचा भुलावा

आता मुख्य प्रश्न मापाचा. 'अमुक पद्धत नव्वद टक्के बरोबर ठरते' या विधानाने फार थोडे सिद्ध होते, याचा पुरावा 1884 इतका जुना आहे. अमेरिकेच्या लष्करी सिग्नल विभागातील जॉन पार्क फिन्ली यांनी त्या वर्षी टोर्नेडो येणार की नाही याचे 2,803 अंदाज दिले आणि त्यांतील 96.6 टक्के बरोबर ठरले. त्यावर असा आक्षेप घेण्यात आला, की फिन्ली यांनी दररोज डोळे मिटून 'टोर्नेडो येणार नाही' एवढेच म्हटले असते, तर ते 98.2 टक्के बरोबर ठरले असते. प्रत्यक्षात 51 वेळा टोर्नेडो आले, त्यांपैकी 28 वेळा इशारा दिला गेला होता, 23 वेळा तो हुकला आणि 72 इशारे फुकट गेले. भूशास्त्रज्ञ जी. के. गिल्बर्ट यांनी सुचवलेल्या मापात काहीच न घडलेले दिवस बाजूला ठेवले जातात. खरे ठरलेले इशारे भागिले खरे ठरलेले, फुकट गेलेले आणि हुकलेले यांची बेरीज, असे ते गुणोत्तर आहे, आणि त्यानुसार फिन्ली यांचे यश सुमारे 23 टक्के भरते. ते यश शून्य नव्हते, हेही येथे नोंदवले पाहिजे.

यातून निघणारे तत्त्व असे, की कोणत्याही पद्धतीची तुलना बिनकष्टाच्या अंदाजाशी केली पाहिजे. असे बिनकष्टाचे अंदाज दोन असतात: 'जे आज झाले तेच उद्या होईल' हा एक, आणि 'या महिन्यात सरासरीने जे होते तेच होईल' हा दुसरा. यांच्यापेक्षा पद्धत जितकी सरस ठरते, तितकेच तिचे कौशल्य. सिंगापुरात वर्षाचे 171 दिवस पावसाचे असल्यामुळे रोज 'पाऊस पडेल' म्हणणारा एका केंद्रापुरता सुमारे 47 टक्के वेळा बरोबर ठरतो. तोच 'दुपारी बेटावर कुठेतरी सरी कोसळतील' असे म्हणू लागला, तर त्याचे यश चटकन वाढते, परंतु टॅम्पिनीसमध्ये कपडे वाळत घालणाऱ्याला त्याचा उपयोग उरत नाही. विधान जितके मोघम, तितके ते खरे ठरणे सोपे. म्हणून विश्वासार्हता आणि नेमकेपणा यांची परीक्षा नेहमी एकत्रच घ्यावी लागते.

पर्यायी पद्धतींची परीक्षा

मोबाइलवरील ॲपना 'पर्यायी' म्हटले जात असले, तरी त्यांचा मूळ माल बहुधा तोच असतो. जगभरच्या सरकारी खात्यांची निरीक्षणे, उपग्रहांची माहिती आणि जागतिक प्रारूपांचे निष्कर्ष यांच्यावर प्रक्रिया करून ती प्रत्येक तासाचा आकडा देतात. अडचण प्रमाणाची आहे. सिंगापूर बेट पूर्व-पश्चिम सुमारे 50 किलोमीटर आणि दक्षिणोत्तर सुमारे 27 किलोमीटर आहे. 'ग्राफकास्ट' किंवा 'पांगू-वेदर' यांसारखी 2023 मध्ये गाजलेली कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रारूपे सुमारे 25 किलोमीटरच्या चौकटींवर काम करतात, म्हणजे संपूर्ण बेट त्यांच्या दोन-तीन चौकटींत संपते. वाऱ्यांचे मोठे प्रवाह, दाबाचे पट्टे आणि चक्रीवादळांचे मार्ग सांगण्यात या प्रारूपांनी उत्तम कामगिरी केली आहे. मोसमी लाटेसाठी त्यांचा आधार घेणे योग्यच आहे. मात्र केवळ अशा जागतिक प्रारूपावर विसंबलेले ॲप 'वुडलँड्स, दुपारी तीन वाजता, 60 टक्के' असे दाखवते, तेव्हा त्या आकड्याचा बारीकपणा प्रारूपातून आलेला नसून पडद्यावरच्या मांडणीतून आलेला असतो. शिवाय 60 टक्के हा अंदाज एका दिवसावरून खरा वा खोटा ठरत नाही. ज्या ज्या दिवशी 60 टक्के सांगितले गेले, त्यांपैकी शंभरात सुमारे साठ दिवशी पाऊस झाला, तरच तो आकडा विश्वासार्ह म्हणता येतो.

मराठी घरांत, मग ती सिंगापुरातील का असेनात, पंचांग आणि कॅलेंडर भिंतीवर असतेच, म्हणून पंचांगातील पर्जन्यविचाराचीही आदराने आणि काटेकोरपणे परीक्षा व्हावी. त्याचे दोन भाग वेगळे करावे लागतात. सूर्य मृग नक्षत्रात साधारण 7-8 जूनला प्रवेश करतो आणि त्या सुमारास कोकणात पाऊस येतो, हे पिढ्यान्‌पिढ्यांच्या निरीक्षणातून आलेले हवामानाच्या सरासरीचे ज्ञान आहे आणि महाराष्ट्रापुरते ते खरे आहे. दुसरा भाग वाहनाचा: सूर्य नव्या नक्षत्रात शिरताना सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजून आलेल्या संख्येला नवाने भागायचे आणि उरलेल्या बाकीवरून हत्ती, बेडूक, म्हैस, कोल्हा, गाढव असे वाहन ठरवून पाऊसमान सांगायचे. या गणितात त्या वर्षीच्या समुद्राचे तापमान, वाऱ्याची दिशा किंवा हवेतील बाष्प यांपैकी काहीही शिरत नाही, आणि उत्तर मात्र साऱ्या प्रदेशाला एकच मिळते. सिंगापुरात तर पहिला भागही लागू पडत नाही, कारण तेथील सर्वाधिक पाऊस नोव्हेंबर ते जानेवारीत पडतो, डिसेंबरची सरासरी सुमारे 330 मिलिमीटर असते, आणि मृगापासून हस्तापर्यंतच्या नक्षत्रांचा काळ तेथे तुलनेने कोरडा जातो. सरासरीचे ज्ञान त्याच्या भूमीपासून तोडले, की त्याचे बळ संपते.

सरासरीवर उभ्या असलेल्या प्रत्येक पद्धतीची, मग ती पारंपरिक असो वा आधुनिक, आणखी एक मर्यादा आहे. विषुववृत्ताच्या इतक्या जवळ चक्रीवादळ जन्मत नाही, असा पाठ्यपुस्तकी समज असताना 27 डिसेंबर 2001 रोजी 'व्हामेई' हे वादळ दीड अंशाच्या आसपास तयार होऊन सिंगापूरशेजारच्या जोहोरच्या किनाऱ्यावर आदळले. पूर्वी न घडलेल्या गोष्टीचा इशारा केवळ सरासरीतून कधीही मिळत नाही. त्यासाठी आजच्या वातावरणाचे निरीक्षणच करावे लागते.

वाचकाने काय करावे

कोणत्याही पद्धतीची परीक्षा घरबसल्या करता येते. आधी चार गोष्टी कागदावर ठरवाव्यात: ठिकाण कोणते, तास कोणते, किती पावसाला पाऊस म्हणायचे आणि अंदाज किती आधीचा धरायचा. नंतर दररोज अंदाज आधी लिहावा आणि निकाल मागाहून नोंदवावा. खरे ठरलेले, फुकट गेलेले आणि हुकलेले इशारे वेगवेगळे मोजावेत, आणि शेवटी 'आजचेच उद्या' या बिनकष्टाच्या अंदाजाशी तुलना करावी. सिंगापूरच्या खात्याची रडारचित्रे आणि पर्जन्यमापकांच्या नोंदी सर्वांना खुल्या असल्यामुळे निकालाबद्दल वाद उरत नाही.

असे मोजमाप केले, की सरकारी विरुद्ध पर्यायी हा वादच अपुरा वाटू लागतो. मोसमी लाटेसाठी तीन दिवस आधीच्या अंदाजावर प्रवास आणि कामे आखावीत, स्क्वॉलसाठी त्याच दिवसाचा इशारा पाळावा, आणि दुपारच्या सरींसाठी दोन तासांचा अंदाज व रडारचित्र पाहावे. त्याहून अधिक नेमके आश्वासन देणाऱ्याकडे आधी मागील नोंदींची मागणी करावी. हवामान खात्याचे खरे बळ त्याच्या सरकारी शिक्क्यात नसून, ठिकाण व वेळ सांगून चुकण्याची तयारी ठेवण्यात आणि नोंद मागे ठेवण्यात आहे. म्हणूनच सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या प्रत्येक खात्याने आपल्या यशापयशाचा हिशेब अवधीनुसार, पावसाच्या प्रकारानुसार आणि सामान्य नागरिकाला समजेल अशा भाषेत नियमितपणे मांडला पाहिजे, कारण जी चूक मोजली जाते तीच सुधारता येते.

पुढील लेखांकात, इशारा अचूक असूनही लोक तो का पाळत नाहीत आणि वारंवार फुकट गेलेल्या इशाऱ्यांचा त्यावर काय परिणाम होतो, याचा विचार केला जाईल.