नाक आधी, ग्लास नंतर!

पळस्पे फाट्यावर कधी मुद्दाम दोन मिनिटं थांबून बघितलंय? नसेलच. तिथे कुणी थांबत नाही, तिथे फक्त ट्रॅफिकमध्ये अडकतात. पण पनवेल सोडलं की याच फाट्यावर दोन रस्ते वेगळे होतात. एक गोव्याकडे जातो, दुसरा खोपोली, घाट, पुणे करत बेंगळुरूकडे. पहिल्या रस्त्याने जात राहिलात आणि मडगाव मागे टाकलंत की कुंकळ्ळी लागते. तिथे ‘पॉल जॉन’ नावाची सिंगल माल्ट व्हिस्की तयार होते. दुसऱ्या रस्त्यावर, बेंगळुरूला, ‘अमृत’ तयार होते. भारतातल्या सिंगल माल्टचा विषय निघाला की जगभरचे शौकीन हमखास ही दोन नावं घेतात. आणि दोन्हींकडे जायचे रस्ते आपल्या उंबऱ्यावरून फुटतात.

ही पुरवणी आज आई-बाबांच्या हातात पडलीच, तर त्यांचा चहा गार होण्याआधी सांगून टाकते. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी वय २१ लागतं, व्हिस्की-रमसारख्या कडक दारूसाठी २५. शिवाय १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार पिण्यासाठी परवाना लागतो. एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन, असा तो मिळतो. म्हणजे हे वाचणाऱ्या तुमच्यापैकी जवळजवळ सगळ्यांना व्हिस्कीच्या ग्लासला हात लावायला अजून काही वर्षं आहेत. मग लेख कशाला? कारण व्हिस्की ओळखण्याचं बरंचसं काम जीभ करतच नाही, नाक करतं. आणि नाक वापरायला परवाना लागत नाही.

खरं कारण वेगळंही आहे. आम्ही सेकंड इयरला असताना ग्रुपमधल्या एकाने काकांची ड्युटी फ्रीमधली बाटली ढापून आणली. पनवेलच्या आसपास फार्महाऊसेसची काय कमी? बाटली महागाची, स्कॉच, वर ‘१२ वर्षं’ असं छापलेलं. ते सगळ्यांनी मोठ्याने वाचलं, फोटो काढले आणि मग ती कोलामध्ये ओतून अर्ध्या तासात संपवली. परतताना एक बाईक खडीवर घसरली. मागे बसलेल्याचा खांदा निखळला. तो बरा झाला, पण त्या वर्षी क्रिकेट संपलं त्याचं. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या बाकावर बसून आम्ही आठवायला लागलो, तर त्या व्हिस्कीची चव कशी होती हे एकालाही सांगता येईना. सांगता आलं ते एवढंच, की लेबलवर १२ लिहिलं होतं.

तो आकडा नंतर बरीच वर्षं माझ्या डोक्यात राहिला. त्याच्याकडे येऊच, आधी ही सिंगल माल्ट म्हणजे काय ते बघू. बार्ली, म्हणजे आपला सातू, भिजवून त्याला मोड आणायचे. मग ते मोड वाळवून, भरडून, गरम पाण्यात त्यातली साखर उतरवायची, ती आंबवायची आणि तांब्याच्या भट्टीत ऊर्ध्वपातन करून लाकडी पिंपात मुरवायची. मोड आलेली बार्ली म्हणजे ‘माल्ट’. घरी मोड आणलेल्या नाचणीचं पीठ करतात ना? पहिली पायरी अगदी तीच. आणि ‘सिंगल’ म्हणजे एकच पिंप नव्हे, सगळा माल एकाच डिस्टिलरीतला. आपल्याकडे व्हिस्की म्हणून जी स्वस्तात विकली जाते, तिच्यात बहुतेक वेळा साखर कारखान्यातल्या मळीपासून केलेलं अल्कोहोल असतं. युरोपच्या नियमांत व्हिस्की धान्याचीच लागते, त्यामुळे तिथे या मालाला व्हिस्की म्हणताच येत नाही.

आता अशा देशातून उठून कुणी स्कॉटलंडमध्ये व्हिस्की विकायला गेलं तर लोक काय म्हणतील? बेंगळुरूच्या जगदाळे कुटुंबाने हेच केलं. आडनाव ओळखीचं वाटलं ना? राधाकृष्ण जगदाळे यांनी १९४८ मध्ये अमृत डिस्टिलरीज सुरू केली. त्यांचे चिरंजीव नीलकंठ जगदाळे यांच्या डोक्यात सिंगल माल्टचा विचार घोळत होता. नातू रक्षित तेव्हा इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला एमबीए करत होता. वडिलांनी त्याला सांगितलं, तुझ्या अभ्यासाचा विषय हाच घे, आपली सिंगल माल्ट ब्रिटनमध्ये खपेल का ते शोधून काढ. म्हणजे आज जी बाटली जगभर जाते, तिची सुरुवात एका विद्यार्थ्याच्या प्रोजेक्टमधून झाली. सबमिशनच्या आदल्या रात्री प्रिंटआऊटच्या दुकानाबाहेर उभं राहणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

या खटाटोपात मला सगळ्यात आवडतो तो ग्लासगोमधला प्रसंग. तिथे ‘पॉट स्टिल’ नावाचा व्हिस्कीसाठी प्रसिद्ध पब आहे. तिथल्या गिऱ्हाइकांना नाव न सांगता अमृत चाखायला दिली. उत्तर काय आलं, तर ही स्कॉटलंडचीच, स्पेसाइड भागातली असणार. लेबल दिसत असतं तर हे उत्तर आलं असतं का? २४ ऑगस्ट २००४ ला अमृत ग्लासगोतच बाजारात आली. लगेच हारतुरे मिळाले असं नाही, सुरुवातीची वर्षं खडतरच होती. पुढे समीक्षक जिम मरे यांनी आपल्या ‘व्हिस्की बायबल’च्या २०१० च्या आवृत्तीत ‘अमृत फ्युजन’ला १०० पैकी ९७ गुण देऊन जगात तिसरा नंबर दिला आणि चक्रं फिरली. (एका माणसाच्या नाकाने दिलेले गुण किती मनावर घ्यायचे, हा प्रश्न मला कायम पडतो. पण बाजाराला तो पडत नाही.) पॉल जॉन त्यानंतर, २०१२ मध्ये आली. तीसुद्धा आधी लंडनला आणि मग इकडे. आपलं कौतुक आधी परदेशात व्हावं लागतं, हे काही व्हिस्कीपुरतं नाही.

आता त्या ‘१२’ कडे. व्हिस्की पिंपात असताना लाकडातून थोडी थोडी उडून जाते. स्कॉटलंडमध्ये याला देवदूतांचा वाटा म्हणतात. तिथल्या थंडीत हा वाटा वर्षाला साधारण दोन टक्के. बेंगळुरूला तो दहा-बारा टक्क्यांपर्यंत जातो. हिशेब करून बघा. स्कॉटलंडमध्ये शंभर लिटरचे १२ वर्षांनी सुमारे ७८ लिटर उरतील. बेंगळुरूत दहाच टक्के धरले तरी पाच वर्षांत ५९ वर येतात. अमृतवाल्यांनी आपल्या एका जुन्या मुरलेल्या व्हिस्कीचं नावच ‘ग्रीडी एंजल्स’, म्हणजे हावरट देवदूत, असं ठेवलंय. पण उष्णतेत नुसतं नुकसान होत नाही, लाकडातला स्वादही भराभर उतरतो. त्यामुळे आपल्याकडे चार-पाच वर्षांत मुरलेली व्हिस्की तिकडच्या कितीतरी मोठ्या वयाच्या व्हिस्कीसमोर उभी राहते. लोणचं आणि मुरांबा घालणाऱ्या घरात हे वेगळं समजवायला नको. मे महिन्यातल्या गच्चीवर जे चार दिवसांत होतं, ते फ्रिजमध्ये महिन्यात होत नाही. लेबलवरचा आकडा म्हणजे त्या बाटलीतल्या सगळ्यात कमी वयाच्या व्हिस्कीचं वय. तो चव सांगत नाही. रंगही सांगत नाही, कारण स्कॉचमध्ये रंगासाठी कॅरॅमल घालायला परवानगी आहे.

मग चव सांगणार कोण? तुमचं नाक. आणि त्याची शाळा पनवेलच्या बाजारात आहे. एक छोटी वही घ्या आणि शनिवारी सकाळी मसाल्याच्या, सुक्या मेव्याच्या दुकानांसमोरून रमतगमत फिरा. मोबाइल खिशात. सुकं खोबरं हुंगा. ओकच्या लाकडात एक द्रव्य असतं, त्याचा वास थेट खोबऱ्यासारखा येतो. त्याच लाकडातून व्हॅनिलिनही उतरतं, तोच आइस्क्रीममधला व्हॅनिला. म्हणून अमेरिकन बर्बनच्या जुन्या पिंपात मुरलेल्या व्हिस्कीला खोबरं-व्हॅनिलाचा वास येतो. मनुका आणि खारीक हुंगा. शेरी नावाच्या वाइनच्या पिंपात मुरली की हा वास येतो. जास्त पिकलेल्या केळ्याचा वास आंबवण्यातून येतो. केमिस्ट्रीवाल्यांनो, लॅबमधलं आयसोअमाइल ॲसिटेट आठवा, तेच ते. काळा गूळ, पिवळा गूळ आणि चिक्कीचा करपलेला गूळ हे तीन वेगळे वास आहेत. डोळे मिटून ओळखता येतात का बघा. मला पहिल्यांदा नाही आले.

धुराच्या बाबतीत तर रायगडवाल्यांनी कुणाकडून शिकायची गरज नाही. स्कॉटलंडच्या काही भागांत, विशेषतः आयला बेटावर, मोड आलेली बार्ली पीटच्या धुरावर वाळवतात. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं साचलेल्या झाडपाल्याचा थर. तो धूर दाण्यात शिरतो आणि थेट ग्लासापर्यंत येतो. लोक त्या वासाचं वर्णन डांबर, औषधाची बाटली, समुद्रकिनाऱ्यावरची शेकोटी असं काहीही करतात. आपण थंडीत पोपटी लावतो. मडक्याला आतून भांबुर्ड्याचा पाला, त्यात वालाच्या शेंगा, बाहेर जाळ. मडकं उघडल्यावर पहिल्या क्षणी येतो तो वास घ्या आणि मग शेतातल्या राबाचा धूर आठवा. दोन्ही धूरच, पण एकसारखे आहेत का? यातला फरक शब्दात मांडता आला, की अर्धं काम झालं.

आणखी एक खेळ सांगते. या क्षेत्रातले लोक त्याला ट्रँगल टेस्ट म्हणतात. तीन वाट्या घ्यायच्या, दोघींत एकच पदार्थ, तिसरीत वेगळा. डोळे बांधलेल्या माणसाने वेगळी वाटी ओळखायची. एकदा बरोबर आलं तर फुशारकी नको, नुसत्या अंदाजानेही तिनात एकदा बरोबर येतंच. सहा-सात वेळा करा. चहाच्या दोन ब्रँडवर करा. मे महिन्यात हापूसवर कराच. देवगड म्हणून पेटी घ्यायची आणि आत कर्नाटकचा आंबा निघायचा, हे आपल्या बाजारांना नवं नाही. पेटीवर काय छापलंय ते वाचण्यापेक्षा देठापाशी नाक नेणारी आजी जास्त बरोबर असते. ग्लासगोच्या पबमध्ये झालं ते यापेक्षा फार वेगळं नव्हतं.

पंचविशीनंतर ज्यांना करायचंय त्यांच्यासाठी ग्लासची पद्धत थोडक्यात. ग्लास वर निमुळता होणारा घ्या, त्यात वास साठतो. व्हिस्की वीस-पंचवीस मिली, त्याहून जास्त लागत नाही. नाक ग्लासात खुपसू नका, अल्कोहोलने बधिर होईल. ग्लास हनुवटीपाशी धरा, तोंड किंचित उघडं ठेवा. छोटा घोट, जिभेवर फिरवून मग गिळायचा. त्यानंतर थेंब-थेंब पाणी घाला आणि परत वास घ्या. २०१७ मध्ये स्वीडनमधल्या दोन संशोधकांनी कॉम्प्युटर सिम्युलेशन करून दाखवलं, की पाणी घातल्यावर धुरकट वासाचं ग्वायाकॉल हे द्रव्य वर, पृष्ठभागाकडे येतं. म्हणजे पाणी घालणारा अडाणी, हा गैरसमज विसरा. बर्फाने मात्र वास दबतो. बाटली एकट्याने घेण्यापेक्षा चार-पाच जणांनी मिळून दोन वेगळ्या पिंपांतल्या घ्याव्यात आणि लेबल झाकून शेजारी ठेवाव्यात. आणि बाईकची किल्ली घरी.

ज्यांना यात करिअर दिसतंय त्यांनी पुण्याजवळ मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट बघावी, तिथे अल्कोहोल तंत्रज्ञान शिकवतात. माटुंग्याच्या आयसीटीमध्ये फूड इंजिनीअरिंग आहे. चहा, कॉफी, मसाले, अत्तर सगळीकडे शिकवलेलं नाक लागतं. प्यायची इच्छाच नसेल तर उत्तम. तुमचं नाक जास्त दिवस चांगलं राहील.

सत्तावीस वर्षांची असताना मी पळस्प्याहून डावीकडे न जाता सरळ गोव्याचा रस्ता धरला आणि कुंकळ्ळी गाठली. येताना बाटली आणली नाही, कारण परवान्याशिवाय गोव्याची दारू महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे आणि हायवेवर गाड्या तपासतात. वही आणली. त्यात पॉल जॉनच्या तीन व्हिस्कींच्या नोंदी आहेत. ‘ब्रिलियन्स’ या बिनधुराच्या माल्टपुढे लिहिलंय, ‘सातूचं पीठ, मध, शेवटी दालचिनी’. ‘एडिटेड’ समोर, ‘कुणीतरी दोन शेतं पलीकडे राब जाळतंय’. आणि ‘बोल्ड’ समोर चारच शब्द, ‘पोपटी, पण मीठ विसरलं’.