मेघ, पूर आणि मंदीची चाहूल

तत्त्वज्ञानाचा माणूस मंदीवर काय बोलणार, असं तुम्हाला वाटेल. पण मंदी येणार की नाही, हा मुळात अनुमानाचा प्रश्न आहे, आणि अनुमान हा आमच्या घरचा विषय.

न्यायसूत्रात अनुमानाचे तीन प्रकार आहेत. दोनच घेऊ. ढग दाटले, म्हणून पाऊस येईल, हे पूर्ववत्. कुंडलिकेला पूर आला, म्हणजे वर पाऊस झाला, हे शेषवत्. जीडीपीचा आकडा हा पूर आहे. एप्रिल ते जून २०२० मध्ये आपली अर्थव्यवस्था २३.९ टक्क्यांनी आक्रसली, हा अंदाज ३१ ऑगस्टला कळला. अमेरिकेत डिसेंबर २००७ ला सुरू झालेली मंदी अधिकृतपणे जाहीर झाली १ डिसेंबर २००८ ला! तोवर लाखो लोक घरी बसले होते.

म्हणून ढग बघायचे. त्यांना आघाडीचे निर्देशक म्हणतात: बांधकाम परवाने, नव्या ऑर्डरी, शेअर बाजार. आपल्या जालन्याच्या सळईचंच बघा ना. आधी परवाने घटतात, मग सळईच्या ऑर्डरी, मग भट्टीचं वीजबिल. मालक पहिल्यांदा ओव्हरटाइम बंद करतो, नंतर पाळी कमी करतो, माणूस शेवटी काढतो. म्हणजे कामाचे तास आधी बोलतात, कामगारांची संख्या मागाहून. तेजीतही तसंच. आधी ओव्हरटाइम परततो, भरती उशिरा होते. आकडे सुधारले तरी कामगाराच्या घरी मंदी संपलेली नसते, ती यामुळे.

पण पूर्वपक्ष ऐका. बांध घातला तरी नदी चढते, मग पाऊस झाला हे कशावरून? नैयायिकांचं उत्तर असं की, नुसतं पाणी बघू नका; वेग, फेस, वाहून आलेली पानं आणि लाकडं, सगळं एकत्र बघा. इथेही तेच. पावसाळ्यात बांधकामं थंडावतात, सळईची मागणी घटते. ती मंदी नव्हे. मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून बघा. एकटा शेअर बाजार तर न आलेल्या मंद्याही सांगतो, अशी पॉल सॅम्युअलसन यांनी १९६६ मध्येच थट्टा केली होती.

तेव्हा कर्ज काढून दुसरा ट्रक घ्यायचा असेल, तर एका बातमीवर जाऊ नका. तीन-चार खुणा, तीन-चार महिने, एकाच दिशेनं जाताहेत का ते बघा. ढग दिसले म्हणजे पाऊस पडलाच असं नाही. पण छत्री घ्यायला तेवढं पुरतं.